परसातील आगगाडी

आगगाडीचा इतिहास सांगावयाचा म्हटला की आपल्याकडे तो बोरीबंदरापासून सुरू होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढीत ठाणे गाठले, ही हकीकत शाळकरी मुलासही ठाऊक असते. तो इतिहास मोठ्या कंपन्यांचा, घाटांचा आणि बोगद्यांचा आहे. आज आम्ही ज्या आगगाडीविषयी सांगणार आहोत तिचा मार्ग एखाद्या इंग्रज गृहस्थाच्या परसदारी सुरू होतो, कोबीच्या वाफ्याला वळसा घालतो आणि फिरून परसदारीच येऊन थांबतो. तिच्या दोन रुळांमधील अंतर वीतभरही नसते. इंजिन एका माणसाला दोन्ही हातांनी उचलता येते. परंतु ते चावीचे नव्हे आणि विजेचेही नव्हे. त्याच्या पोटात खरा कोळसा जळतो, खऱ्या पाण्याची खरी वाफ होते, आणि मागच्या चाकाच्या फळीवर बसलेल्या धडधाकट माणसाला ते धापा टाकीत ओढून नेते.

अशी इंजिने करणाऱ्यांची आणि चालविणाऱ्यांची मंडळे इंग्लंडात, अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आजही आहेत. सुटीच्या दिवशी ही मंडळी एकमेकांच्या बागेत जमतात. त्यांत पेन्शनर असतात, शिक्षक असतात, कारखान्यातले फिटर असतात. पोक्त माणूस गुडघे दुमडून, पळीएवढ्या फावड्याने वाटाण्याएवढे कोळसे भट्टीत टाकतो आहे हे दृश्य पाहून कोणासही हसू यावे. पण या खेळाच्या पोटात एक वाद दडलेला आहे, आणि तो वाद इंजिनांपुरताच नाही. लहान इंजिनाने मोठ्या इंजिनासारखे दिसावे की मोठ्या इंजिनासारखे काम करावे? आणि काम करावयाचे असेल, तर ते कसे करवावे हे ज्ञान कारखानदाराच्या तिजोरीत असावे की चार चौघांच्या हाती?

या वादाचे मर्म कळण्यास थोडे गणित लागते. इंग्लंडातील मोठ्या रुळांमधील अंतर ४ फूट ८½ इंच. तेथील इंजिन सोळा पट लहान करावयाचे ठरविले तर रूळ साडेतीन इंचांवर येतात. लांबी सोळा पट घटली की पृष्ठभाग २५६ पट घटतो, आणि आकारमान व वजन ४,०९६ पट घटते. म्हणजे ८० टनांचे इंजिन साधारण २० किलोचे होते. येथवर सर्व ठीक. पण बॉयलरमधील पाणी ४,०९६ पटींनी कमी झाले, आणि ते पाणी निवविणारी बाहेरची बाजू मात्र २५६ पटींनीच कमी झाली, हे लक्षात घ्यावे. पिंपातले पाणी रात्रभर कोमट राहते आणि वाटीतले घटकाभरात निवते, त्यातलाच हा प्रकार. मोठ्या बॉयलरमध्ये धूर व ज्वाळा नेणाऱ्या नळ्या दोन इंच व्यासाच्या असल्या, तर हिशेबाने लहान इंजिनात त्या पाव इंचाच्याही निम्म्या कराव्या लागतील. आणि काजळी काही सोळा पट बारीक होत नाही, त्यामुळे अशी नळी पहिल्याच फेरीत तुंबते. पाण्याची पातळी दाखविणारी काचेची नळी फार बारीक केली तर पाणी तिच्या भिंतीला धरून राहते आणि पातळी खोटी दाखविते. सारांश, लोखंड आणि तांबे हुकमाप्रमाणे लहान होतात; अग्नी, पाणी आणि वाफ होत नाहीत. म्हणून मोठ्या इंजिनाची हुबेहूब लहान नक्कल केली तर ती दिसते उत्तम आणि चालत नाही. ती चालवावयाची असेल तर नक्कल कोठे सोडावी हे ज्याला कळले त्यालाच ही विद्या आली.

एकोणिसाव्या शतकातील मुलांच्या खेळण्यांत हा प्रश्न नव्हता. त्या वेळी बाजारात पितळेची साधी इंजिने मिळत. एक आडवे नळकांडे, त्याखाली स्पिरिटचा दिवा, आणि चाकाशी जोडलेली झुलती सिलिंडरे. पुष्कळदा त्यांना रूळही लागत नसत. ती दिवाणखान्याच्या फरशीवरून धावत आणि मागे पाण्याचा ओघळ ठेवीत. इंग्रजांनी त्यांचे नावच 'बर्मिंगहॅमची ठिबकणारी' असे पाडले होते. गालिचा खराब होणे आणि प्रसंगी पेटणे, एवढाच त्यांचा इतिहास.

याच्या अगदी उलट टोकाला सर आर्थर हेवूड हे गृहस्थ होते. डर्बीशायरमधील डफील्ड बँक येथील आपल्या घराच्या आवारात त्यांनी १८७४ साली रूळ टाकण्यास आरंभ केला. आधी नऊ इंचांच्या रुळांचा प्रयोग त्यांनी करून पाहिला होता. माणसे बसली की गाडी डळमळे. म्हणून पंधरा इंच हे अंतर त्यांनी पक्के केले. हेवूड यांना खेळ करावयाचा नव्हता. ज्या जहागिरीवर, खाणीवर किंवा लष्करी छावणीत मोठी रेल्वे परवडत नाही आणि बैलगाडी पुरत नाही, तेथे सर्वांत लहान उपयोगी रेल्वे कोणती, हा त्यांचा प्रश्न होता. लष्करी खात्याने त्यांना दाद दिली नाही. ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर यांनी मात्र १८९६ मध्ये आपल्या ईटन हॉल या वाड्याला अशी रेल्वे करून घेतली आणि तिच्यावरून कोळसा, विटा व पाहुणे यांची ने-आण होऊ लागली. हेवूड यांची योग्यता मोठी, यात संशय नाही. परंतु ज्याच्या पदरी टेकडी आहे, लोहारखाना आहे आणि वेळ आहे अशाच माणसाचे हे काम होते. सामान्य माणसाला त्यातून काही मिळण्यासारखे नव्हते.

सामान्य माणसाची सोय १८९८ साली झाली. त्या वर्षी लंडनमध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी 'मॉडेल इंजिनियर' हे नियतकालिक सुरू केले, आणि त्याच वर्षी त्याच्या वाचकांची संस्थाही निघाली. पायाने फिरविण्याचा एखादा लेथ, एक शेगडी आणि रविवारचा दिवस एवढेच भांडवल असलेली हजारो माणसे इंग्लंडात होती. त्यांना एकमेकांचा पत्ता या मासिकाने लावून दिला. पुढे त्याचे साप्ताहिक झाले. आम्हांस या सबंध हकीकतीत कोणत्याही एका इंजिनापेक्षा ही घटना अधिक महत्त्वाची वाटते.

त्याच सुमारास नॉर्थम्प्टनला बॅसेट-लोक यांनी लहान इंजिने व त्यांचे भाग टपालाने विकण्याची पेढी काढली. हेन्री ग्रीनली हे त्यांचे अभियंते. ही जोडी कसबी होती. न्यूरेंबर्गच्या बिंग या खेळणी-कारखान्याकडून इंजिने करवून घेऊन त्यांनी ती इंग्रज दिवाणखान्यांत पोहोचविली. पुढे केंट परगण्यात समुद्रकाठाने १९२७ साली सुरू झालेली आणि आजही चालू असलेली पंधरा इंची रॉम्नी रेल्वे ग्रीनली यांनीच उभारली. तेव्हा पुढच्या वादात त्यांची बाजू पडती असली तरी माणूस अडाणी नव्हता, हे ध्यानात ठेवलेले बरे.

वाद असा होता. घरगुती मापाच्या, म्हणजे अडीच इंची रुळांवरच्या इंजिनात कोळसा चालणार नाही, त्याला स्पिरिटच पाहिजे, असे पेढीचे मत होते, आणि तिचा माल त्या मताप्रमाणे तयार होत होता. त्या इंजिनाचे बाहेरचे नळकांडे देखाव्यापुरते असे. आत त्याहून लहान पाण्याचे भांडे, त्याच्या पोटाखाली वाकविलेल्या बारीक पाणनळ्या, आणि त्यांच्याखाली स्पिरिटची ज्योत. घरात हे बरे चालते. बागेत वारा सुटला की ज्योत फडफडते. गाडीला ओझे लावले की वाफ पुरत नाही.

दुसरा प्रकार आपल्या घरातील तांब्याच्या बंबासारखा. बंबात अग्नी मध्यभागी आणि पाणी त्याच्या भोवती असते. ज्वाळा नळीतून वर जाते ती पाण्याला तापवीतच. रेल्वेच्या इंजिनाचा बॉयलर म्हणजे असाच एक आडवा बंब, पण एका नळीऐवजी अनेक नळ्यांचा आणि घट्ट बंद. त्यात आणखी एक युक्ती असते, जी १८२९ साली स्टीफन्सन पितापुत्रांच्या 'रॉकेट'मध्येही होती. सिलिंडरातून काम करून बाहेर पडलेली वाफ धुराड्यातून वर सोडतात. ती जाताना धूर ओढून नेते आणि त्या ओढीने भट्टीत ताजी हवा शिरते. म्हणजे इंजिनाला जितके कष्ट जास्त, तितका अग्नी प्रखर, तितकी वाफ जास्त. बैल चढणीला लागला की त्याला आपोआप वैरण मिळावी, तशी ही व्यवस्था आहे. स्पिरिटच्या दिव्याला हे साधत नाही.

हे लहान मापातही साधते, असे १९२२ साली एका माणसाने 'मॉडेल इंजिनियर'मध्ये लिहून कळविले. कर्ली लॉरेन्स या नावाने ते ओळखले जात, पण सही करीत ती 'एल. बी. एस. सी.' अशी. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेवर त्यांनी तरुणपणी इंजिनाजवळ काम केले होते. त्या कंपनीची आद्याक्षरे त्यांनी टोपणनाव म्हणून घेतली. त्यांनी अडीच इंची रुळांचे 'आयेशा' नावाचे इंजिन केले होते, ते कोळशावर चालत होते आणि मोठ्या माणसाला ओढीत होते. तज्ज्ञांनी शंका घेतली. पत्रांना पत्रे आली, आणि या प्रकरणाला लोकांनी 'बॉयलरांची लढाई' असे नाव दिले. शेवटी १९२४ साली लंडनमधील प्रदर्शनात आयेशाला रुळांवर आणले गेले आणि जमलेल्या लोकांसमोर तिने माणसे ओढून दाखविली. छापील पत्रांचा निकाल कधी लागत नाही. रुळांवरच्या गाडीचा लागतो.

पण लढाई जिंकणे हे लॉरेन्स यांचे खरे काम नव्हे. खरे काम त्यानंतर झाले. १९२४ पासून १९६७ साली मृत्यू येईपर्यंत, मधली काही वर्षे या साप्ताहिकाशी बेबनाव होऊन ते दुसरीकडे लिहीत होते तेवढी सोडल्यास, त्यांनी आठवड्यामागून आठवडे इंजिन कसे करावे हेच लिहिले. आणि लिहिले ते असे की वाचणाऱ्याच्या हाती फक्त कानस आणि धीर असला तरी चालावे. आधी चौकट, मग धुरे, मग सिलिंडरे, मग बॉयलर. प्रत्येक छिद्राचे माप, प्रत्येक चुकीची पूर्वसूचना. भाषा इंजिनशेडमधल्या गप्पांची. अभियंत्यांच्या सभेत ती बसली नसती. अगदी नवशिक्यासाठी त्यांनी 'टिच' नावाचे चार चाकांचे लहानसे इंजिन दिले. आयुष्यात कधी धातूला हात न लावलेल्या कित्येकांनी ते पुरे केले. आपल्याकडे कारागीर मरताना हातचे एक राखून मरतो अशी म्हणच आहे म्हणा ना. या माणसाने हातचे काही राखले नाही, आणि त्याबद्दल त्याच्याशी भांडणारेही त्याला मानीत.

बॉयलरचे काम तर पाहण्यासारखे असते. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी ठोक्यांचा आवाज ऐकला असेल त्यांना ते चटकन कळेल. तांब्याचा पत्रा साच्यावर ठेवून लाकडी हातोड्याने त्याच्या कडा वळवायच्या. चार ठोके पडले की तांबे ताठरते, मग ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवायचे की पुन्हा मऊ. असे कितीतरी वेळा. मग सर्व भाग चांदीच्या डाखाने जोडावयाचे. कथलाचा डाख येथे कामाचा नाही. भट्टीतले पाणी क्षणभर कमी झाले की तो वितळेल. या जोडकामात सगळे भांडे एकदम लाल ठेवावे लागते, आणि एक सांधा जोडताना आधीचा सुटणार नाही याची काळजी घ्यावी लागते. येथेच पुष्कळांचा धीर सुटतो आणि अर्धवट इंजिन माळ्यावर जाते.

गाडी सोडण्याचा विधीही सोपा नाही. प्रथम धुराड्यावर लहान पंखा बसवून ओढ निर्माण करतात, कारण अजून वाफ नाही. भट्टीत रॉकेलमध्ये भिजविलेला लोणारी कोळसा पेटवितात, मग त्यावर दगडी कोळसा. पुरेसा दाब झाला की पंखा काढावा. पुढे एकाच वेळी पाणी, अग्नी आणि मार्ग या तिन्हींवर नजर. मोठ्या इंजिनावर दोन माणसांचे काम येथे एकट्याला करावे लागते, आणि मोठ्या इंजिनात चुकीला जी काही मिनिटांची सवलत असते ती येथे सेकंदांची असते. कारण पाणीच मुळी तांब्याभर. दुसऱ्याच्या बागेत गेलेला पाहुणा दहा मिनिटे चालवून खाली उतरतो तेव्हा त्याचा सदरा भिजलेला असतो.

इंग्लंडातील ही साप्ताहिके समुद्रापार जात होती. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील हौशी मंडळींनी 'ब्रदरहुड ऑफ लाइव्ह स्टीमर्स' या नावाखाली आपला बंधुसंघ जमविला. तिकडच्या परसांतील रेल्वेपैकी एकच येथे सांगतो, कारण ती चालविणाऱ्याचे नाव सर्वांस माहीत आहे आणि तिचा शेवट विचार करण्यासारखा आहे. वॉल्ट डिस्ने यांचे दोन चित्रकार, वॉर्ड किंबॉल आणि ऑली जॉन्स्टन, या नादातले होते. किंबॉल यांनी तर परसात पूर्ण आकाराचे जुने इंजिनच आणून ठेवले होते. त्यांच्या संगतीने डिस्ने यांनी लॉस एंजेलिस येथील आपल्या घराभोवती सव्वासात इंची रुळांची सुमारे अर्ध्या मैलाची रेल्वे घातली. ती १९५० साली सुरू झाली. इंजिनाला पत्नीच्या नावावरून 'लिली बेल' हे नाव दिले, आणि पत्नीच्या फुलझाडांना धक्का लागू नये म्हणून त्यांच्या खालून नव्वद फूट बोगदा खणला. घरातील शांततेसाठी एवढी किंमत जास्त नव्हे.

१९५३ साली एका पाहुण्याच्या हाती इंजिन असताना ते वळणावर उलटले आणि सुटलेल्या वाफेने एका लहान मुलीला भाजले. डिस्ने यांनी रेल्वे बंद केली व इंजिन उचलून ठेवले. पुढे १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडले तेव्हा त्याच्या भोवती वाफेची मोठी गाडी धावत होती. तिच्यावर पगारी, शिकविलेले लोक होते. परसातली हौस तेथे व्यवसायाच्या शिस्तीत गेली.

या प्रसंगातून जो प्रश्न निघतो तो हौशी मंडळींस नवा नव्हता. लहान बॉयलरमध्ये सुद्धा दाब थोडाथोडका नसतो. ज्ञान सर्वांना मोकळे केले, तर अर्धवट ज्ञानाने केलेला बॉयलरही कोणीतरी पेटविणारच. त्यावर मंडळांनी काढलेला उपाय असा. नवा बॉयलर प्रथम थंड पाण्याने ठासून भरावयाचा आणि हातपंपाने कामाच्या दुप्पट दाब द्यावयाचा. पाणी दाबाने फारसे आकसत नाही, त्यामुळे सांधा कच्चा असला तर तो नुसता गळतो, फुटून अंगावर येत नाही. पुढेही ठराविक मुदतीने दीडपट दाबाची परीक्षा असतेच. ही परीक्षा मंडळातील दुसरा जाणता सभासद घेतो. स्वतःच्या बॉयलरला स्वतः दाखला देता येत नाही.

ब्रिटिश रेल्वेच्या हमरस्त्यावरील वाफेची शेवटची गाडी ११ ऑगस्ट १९६८ रोजी धावली. आपल्याकडे रुंद मापाच्या मार्गावरील वाफेची नेहमीची वाहतूक ६ डिसेंबर १९९५ रोजी थांबली. मोठी इंजिने गेली की त्यांच्या लहान नकलाही जातील, हा तर्क कोणीही केला असता. झाले उलटेच, हौस वाढली. १९९० नंतर इंग्लंडात काही मंडळींनी पूर्ण आकाराचे नवे वाफेचे इंजिन वर्गण्या जमवून बांधावयास घेतले. 'टॉर्नेडो' हे त्याचे नाव. डार्लिंग्टन येथे ते २००८ मध्ये पुरे झाले, पण त्याचा बॉयलर मात्र जर्मनीत मायनिंगेन येथील कारखान्यातून आणावा लागला. ज्या देशाने जगाला इंजिने पुरविली त्या देशाची ही गत झाली. त्याच वेळी त्याच देशात, कित्येक परसांतील छपऱ्यांत, पेन्शनर मंडळी लाल तापलेल्या तांब्यावर चांदीचा डाख ओतीत होती. लहान बॉयलर करणारा मोठा करू शकेल असे आम्ही म्हणत नाही. तांबे वेगळे, पोलाद वेगळे. परंतु अग्नी कसा राखावा आणि पाणी कधी घ्यावे हे त्याच्या हाताला माहीत होते.

आता बॅसेट-लोक यांचा पक्ष निराळ्या रूपाने परत आला आहे, हेही सांगितले पाहिजे. साधारण पावणेदोन इंचांच्या आणि त्याहूनही लहान रुळांवर तयार विकत मिळणारी वाफेची इंजिने गेल्या पन्नासएक वर्षांत फार पसरली. त्यांत कोळसा नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा वायू लहानशा टाकीत भरतात. काही तर बिनतारी यंत्राने दुरून चालविता येतात. मालक खुर्चीत बसून चहा घेत असतो. जुनी मंडळी नाक मुरडतात. आम्हांस ते नाक मुरडणे पूर्ण पटत नाही. ज्याच्याकडे लेथ नाही, ज्याच्या बागेत माणूस ओढण्याइतकी जागा नाही, त्याने वाफेपासून दूरच राहावे काय? तरीही विकत घेतलेल्या इंजिनाचा सांधा गळू लागला म्हणजे तो माणूस इंजिन पिशवीत घालून शेवटी ज्याच्या दारी जातो तो कोळसावालाच असतो.

आपल्या पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांस खुले आहे, आणि ते मुलांबरोबर मोठ्यांनीही पाहावे असे आहे. त्यातील गाड्या मुख्यतः विजेच्या. तांब्याचा पत्रा वळविणारे हात मात्र त्याच शहरात, नदीच्या अलीकडे कसब्यात आहेत, आणि तेथील तांबटांच्या हातचा बंब अजून विकत मिळतो.